सामंतबाई आणि एक जूनची माणसं

सामंतबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज तारीख काय? स्वतःचीच लाज वाटली. पलीकडे बाईंची मुलगी अपर्णा नागपूरहून रडत बोलत होती आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मग तीच नाक पुसत म्हणाली, "काका, आजच्या दिवशी काय झालं होतं हो? आई असती तर लगेच सांगितलं असतं." यावर आम्ही दोघंही हसलो. बातमी मरणाची आणि नवरा फोनवर हसतोय, हे बघून आमची ही स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली.

बाई आणि मी एकाच शाळेत होतो. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत आमची मराठी शाळा. दिवसभर शिलाई मशिनांची घरघर चालायची, तिच्यावर आवाज चढवून शिकवायची सगळ्यांनाच सवय झालेली. मी गणित शिकवायचो, बाई इतिहास आणि भूगोल. म्हणजे वेळापत्रकात दोन्ही. प्रत्यक्षात भूगोल त्या सावत्र मुलासारखा वागवत. नद्या, पिकं, खनिजं एका दमात उरकायची आणि उरलेल्या तासात परत पानिपतावर जायचं.

शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. रोज सकाळी बाई त्यावर तारीख लिहायच्या आणि खाली दोनच शब्द, "आज काय?" म्हणजे आजच्या तारखेला जगात कधीतरी काय घडलं ते सांगा. सोपी तारीख असेल तर खाली एखादी खूण लिहायच्या, "गाडी", "पूल", "तह". बरोबर उत्तराला लिमलेटची एक गोळी. दोन कधीच नाहीत, मग तुम्ही मुख्याध्यापक का असेनात. उत्तरात "साधारण" हा शब्द आला की गोळी गेली. "साधारण काय? साधारण तू जन्मलास का?" असं त्या ठणकावून विचारायच्या.

बाई उंचीला बेताच्या, चष्मा जाड, चालणं मात्र असं की त्यांच्याबरोबर चालायचं तर आम्हाला पळावं लागे. खांद्याला भलीमोठी पर्स, तिच्यात बारमाही छत्री. वही, चिठ्ठी, टिपण काही नाही. सगळा कारभार डोक्यात. घरातल्या गोष्टीसुद्धा त्यांना इतिहासाच्या खुंटीला टांगल्याशिवाय आठवत नसत. कुकर कधी फुटला? सोळा एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली त्या तारखेला. "दोन्हीकडे वाफच," असं वर सांगायच्या. कुणी म्हणालं की आजच्या दिवशी काही विशेष नाही, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "रिकामी तारीख नसते हो. रिकामं डोकं असतं."

शेअर रिक्षातही त्या गप्प बसायच्या नाहीत. चौथा माणूस येईपर्यंत रिक्षा हलत नसे, तेवढ्यात आधीच्या दोघांना प्रश्न घालून व्हायचा. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना लांबून बघितलं की एकमेकांना विचारायला लागायचे, "अरे बोल ना, आज क्या है?" एकानं तर मोबाइलवर आधीच बघून ठेवायला सुरुवात केली होती. बाईंनी त्याला दोन दिवसांत पकडलं आणि त्याच्याकडून काढून घेता येण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे त्याच्या रिक्षात बसणंच बंद केलं. शेवटी त्यानं कान पकडले.

एकदा वरून तपासणीला एक साहेब आले होते. सगळी शाळा इस्त्री केल्यासारखी. मुख्याध्यापक घामाघूम. साहेब फाटकातून आत आले, फळ्यासमोर थांबले आणि कौतुकानं म्हणाले, "वा, आज काय? छान उपक्रम आहे." बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "सांगा ना साहेब." साहेबांनी फळ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आज... तपासणी." पोरं फिदीफिदी हसली. आता बाईंचं काही खरं नाही असं आम्हाला वाटलं. पण बाईंनी पर्स उघडली आणि साहेबांच्या हातावर गोळी ठेवली. "चूक म्हणता येणार नाही," म्हणाल्या. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते ठाऊक नाही, पण जाताना त्यांच्या गालात गोळी होती एवढं मी पाहिलं.

शाळेसमोर झामनदासचं जीन्सच्या कापडाचं दुकान होतं. फाळणीत आईबापांबरोबर इथल्या छावणीत आलेला सिंधी म्हातारा, साठी उलटलेली, गादीवर बसून रोज रस्त्यापलीकडचा फळा वाचायचा. एका वर्षी आठ ऑगस्टला पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "छोडो भारत!" बाई म्हणाल्या, "ते मुंबईत. आणि इथे? तुम्ही उभे आहात तिथे काय झालं?" कुणालाच येईना. मलाही येत नव्हतं, म्हणून मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. तेवढ्यात झामनदास दुकानातून उतरून, रस्ता ओलांडून फाटकाशी आला.

"मॅडम, मैं बोलूँ? आज के दिन इस कॅम्प को नाम मिला, उल्हासनगर. पत्थर रखा था, बडे लोग आये थे. मैं पिताजी के कंधे पे था. उसके पहले चिठ्ठी पे सिर्फ कल्याण कॅम्प लिखते थे." मग म्हणाला, "हमारा नंबर था साईं, नाम नहीं था."

बाईंनी त्याला गोळी दोन्ही हातांनी दिली, प्रसाद द्यावा तशी. त्यानं ती खाल्ली नाही. गल्ल्यात ठेवली आणि पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवत होता.

आता यावरून कुणाला वाटेल की बाई म्हणजे नुसता मायेचा झरा. तसं मुळीच नव्हतं. हट्टी बाई. अपर्णाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मुलाकडच्यांनी मुहूर्त काढला पंधरा एप्रिलचा. बाई ठाम नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्या तारखेला ते जहाज बुडालंय. कधीच बुडणार नाही म्हणून सांगितलेलं मोठं जहाज." मी बाईंच्या बाजूनं गेलो होतो, त्यामुळे मला पोहे गिळता येईनात. शेवटी मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, आम्ही नागपूरहून बसनं येणार आहोत." बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग हरकत नाही." लग्न झालं, झकास झालं, संसारही छान चाललाय. पण अक्षता टाकताना बाई माझ्या कानात पुटपुटल्याच, "बसला नीट ब्रेक आहेत ना, विचारलंत का?"

निवृत्त झाल्यावर बाई एकट्याच होत्या. बदलापूरला कुळगावात आमच्या सोसायटीत त्यांनी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सूचनांच्या फळ्यावर, पाणी कधी येणार या सूचनेखाली, "आज काय?" अवतरलं. त्यांनी वर एक नवी भर घातली. ज्याचा वाढदिवस असेल त्याला त्याच्या तारखेची गोष्ट. सकाळी दार वाजवायचं, "तुमच्या दिवशी अमुक झालं होतं बरं का," असं सांगायचं आणि गोळी द्यायची. लोकांना हे इतकं आवडलं की केकपेक्षा बाईंची वाट बघायला लागले.

मग आला एक जून. त्या दिवशी बाईंना सकाळपासून दुपारपर्यंत जिने चढावे लागले, कारण सोसायटीतल्या जुन्या माणसांतले निम्मे एक जूनचे! ज्यांनी गावच्या शाळेत नाव घातलं त्यांना हे सांगायला नको. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात घे आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. शाळा लवकरच उघडायची असते, हिशेबाला सोपं.

तिसऱ्या मजल्यावरच्या लीलाताई अशाच एक जूनच्या. चामटोलीचं माहेर, भातशेतीचं घर, आता मुलगा महेश अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. लीलाताई म्हणजे सोसायटीच्या महिला मंडळातला खणखणीत आवाज. त्यांच्या घरी गंमत अशी की त्या, त्यांचे यजमान आणि धाकटे दीर, तिघेही एक जूनचे. त्यामुळे दरवर्षी एकच केक. नावं तीन, मेणबत्ती एक. आम्ही बाईंबरोबर शुभेच्छा द्यायला गेलो तेव्हा यजमान आणि दीर आधीच केक कापून मोकळे झाले होते. लीलाताईंच्या वाट्याला नावातलं "ला" तेवढं उरलं होतं.

बाईंनी उत्साहानं तारखेची गोष्ट सुरू केली, तर लीलाताईंनी हात वर करून थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. ती गोष्ट माझी नाय. त्यो दिस गुरुजीचा हाय. नातवाचा वाढदिस हाय, सुनेचा हाय, कुत्र्याचा पन करत्यात आता लोकं. माझा एक दिस तरी माझ्या एकटीचा असावा का नसावा?"

त्या हसत बोलल्या, पण शेवटी आवाज फाटला. महेश म्हणाला, "आई, काय तू पण, केक खा ना." बाई मात्र खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लीलाताई, माझे वडील गुरुजी होते. कोकणात. आप्पांनी अख्ख्या गावाचे वाढदिवस एका दिवशी उरकले. मी लहान होते, कान धरायला लावायचं काम माझं. तेव्हा मजा वाटायची." मग चष्मा सारखा केला. "तुमची आई काय सांगायची? तुम्ही झालात तेव्हाचं?"

लीलाताईंना आधी आठवेना. मग आठवलं, आणि आठवल्याबरोबर त्या हसत सुटल्या. "आय सांगायची, भाताची लावणी चालू व्हती. सकालची येल. पाटलाच्या ओटीवर रेडिओ लावलेला. मानूस चांदावर चालतोय असं त्यात सांगत व्हते. समदा गाव रेडिओपाशी. हिकडं आयच्या पोटात कला, आन सुईन काय येयना. माझ्या आयचा त्या चांदावर मरंस्तवर राग व्हता!"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "वीस जुलै!" त्या ओरडल्याच. "लीलाताई, अहो माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी तुम्ही उतरलात!"

त्यानंतर महिना-दीड महिना सोसायटीत दुसरा विषय नव्हता. वीस जुलै त्या वर्षी रविवारीच आला होता, सगळे घरी. केकवर चंद्र काढून आणला होता आणि नाव एकच, लीला. अख्खं. मेणबत्त्या फुंकताना त्या लहान पोरीसारख्या गाल फुगवून उभ्या होत्या. यजमान बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांना केकजवळ येऊच दिलं नाही. बाईंनी भाषण केलं. भाषणात चंद्र, लावणी, सुईण, सगळं आलं. मी इतक्या खुशीत त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

केक खाता खाता लीलाताई सहज म्हणाल्या, "बापूस असता तं त्यानं तरी सुईन आनली असती. पन त्यो घरात नव्हता. सोमवारचा अंबरनाथच्या शंकराला जायचा ना त्यो, कदी चुकवला नाय."

बाईंचा चमचा तिथेच थांबला. "सोमवार?"

"हां. आय सांगायची, सोमवार व्हता म्हनून माझे हाल झाले."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, मोबाइल काढा. एकोणीसशे एकोणसत्तरचा वीस जुलै. वार बघा." मी बघितला. रविवार. बाईंचा चेहरा उतरला तो असा, की मला मोबाइल खिशात घालताना अपराधी वाटलं. महेश म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, आजीची गडबड झाली असेल." बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पोटातून कळा येत असताना नवरा घरात नाही, हे बाई विसरत नाही. आजी चुकली नसेल. कोण चुकलंय ते बघायला हवं." आणि केक अर्धा ठेवून खाली निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर दार वाजलं. बाई. केस विस्कटलेले, डोळे चमकतायत.

"सर, पृथ्वी गोल आहे."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"हो!" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर भूगोल शिकवला, आज कळला. अहो, ते चंद्रावर चालले तेव्हा तिकडे त्यांच्या देशात रविवारची रात्र होती. पुस्तकं त्यांची, म्हणून तारीख वीस. पण आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली. चामटोलीत सोमवार उजाडला होता! एकवीस जुलै! किती वर्षं मी पोरांना चुकीच्या तारखेला गोळ्या वाटल्या!" यात दुःख करावं असं त्यांना काही दिसत नव्हतं. आनंदानं नुसत्या फुलल्या होत्या. मला तोंड धुवायलाही न देता त्यांनी वर नेलं.

लीलाताईंनी दार उघडलं, हाताला पीठ. बाईंनी त्यांचे ते पिठाचे हात हातात घेतले. "लीलाताई, काल माझी चूक झाली. तुमचा वाढदिवस काल नव्हता. आज आहे."

लीलाताई म्हणाल्या, "म्हंजी कालचा केक फुकट?" मग काहीतरी लक्षात आलं असावं. "आज वार कोन?"

"सोमवार," बाई म्हणाल्या.

"तवा पन सोमवार व्हता," लीलाताई म्हणाल्या, आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. पदरानं डोळे पुसले तर पीठ गालाला लागलं. घरात कुणी नव्हतं. महेश कामावर, नातू शाळेत, केक संपलेला. ना टाळ्या, ना गाणं. त्या दोघी उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसून राहिल्या आणि लीलाताई मधूनमधून मान हलवत होत्या. आदल्या दिवशीच्या सगळ्या थाटात मला जे दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, मी टूथपेस्टवर ढकललं.

मग लीलाताई उठल्या आणि म्हणाल्या, चामटोलीला जायचं. भावाला सांगायचं. आत्ताच. मला अकरा वाजता शिकवणी होती, पण त्या दोघींसमोर माझं काय चालणार? रिक्षा केली आणि निघालो.

भाऊ बाळाराम, साठी ओलांडलेला, अंगणात फावडं धूत होता. बहिणीनं सगळं सांगितल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "मलाच धाडला व्हता."

"कुटं?"

"सुईनीला बोलवाया. बापूस नव्हता घरात, म्हनून आयनं मला धाडला. वाटंत पाटलाची ओटी. मी म्हनलं जरा आयकतो आन जातो." त्यानं डोकं खाजवलं. "मानूस चांदावर चालत व्हता, लीले. मी कसा जानार?"

"म्हंजी तू व्हतास त्यो!" लीलाताईंनी त्याचं फावडं हिसकून घेतलं आणि त्याच्या मागे लागल्या. साठीचा माणूस अंगणात पळतोय, मागे बहीण, आणि बाई तुळशीकट्ट्याला धरून हसतायत.

गोंगाट ऐकून शेजारपाजार जमला. कशाचा दंगा ते कळल्यावर आधी सगळे हसले, मग एक म्हातारी पुढे आली. "बाई, माझा पन एक जून हाय." तिच्या मागून दुसरी. मग पारावरचे म्हातारे उठून आले. बघता बघता अंगण भरलं. कुणाला पूर आठवत होता, कुणाला पाटलाच्या घरचं लग्न, कुणाला नुसतंच आंबे पिकले होते एवढं. बाळारामनं बाईंना प्लास्टिकची खुर्ची दिली. बाई एकेकाला विचारत होत्या आणि "साधारण" या शब्दाला पहिल्यांदाच कुणाला ओरडत नव्हत्या.

बाईंना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. दुसऱ्या दिवशी मी कामानं साताऱ्याला गेलो, परतलो तर त्यांच्या दाराला कुलूप. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अपर्णा त्यांना नागपूरला घेऊन गेली होती. ऑपरेशन झालं, फोनवर बोलणं व्हायचं, पण थंडीत छाती धरली ती त्यांना घेऊनच गेली.

चामटोलीच्या त्या अंगणातून मी निघालो त्या वेळचं सांगतो. माझी शिकवणी चुकत होती, रिक्षावाला घाई करत होता. बाईंसमोर एक खूप म्हातारा माणूस उभा होता, हातात काठी, डोक्यावर मळकी टोपी. तो म्हणत होता, "माझं काय नाय बाई. मला काय ठावं नाय. आय जाऊन लई वरसं झाली."

"काहीतरी सांगितलंच असेल आईनं," बाई म्हणाल्या. "पाऊस होता? थंडी होती? घरात कोण होतं?"

त्यानं काठी तुळशीकट्ट्याला टेकवली. मग त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आय सांगायची..." एवढं म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाईंनी माझ्याकडे न बघताच हातानं मला जायला सांगितलं, आणि खुर्ची ओढून त्याच्या जवळ घेतली.